माडावरची बाळंतीण

आमच्या सावईवेऱ्याच्या घरामागे अकरा माड आहेत आणि त्या अकराही माडांवर खारींचे राज्य आहे. गोव्यात आम्ही खारीला चानी म्हणतो. या घरात मी जन्मले, वाढले, पुढे नोकरीसाठी पणजीची बस धरू लागले, आणि या सगळ्या वर्षांत सकाळी पहिला आवाज कानावर आला तो बहुतेक वेळा चानीचाच: शेपटी झटकत, एकाच पट्टीत, ऐकणाऱ्याचा अंत पाहणारा. तुळशीवृंदावनावर ठेवलेली फुले कुरतडणारी चानी, मांगराच्या (घरामागच्या लाकडे ठेवायच्या खोपीच्या) नळ्यांवरून, म्हणजे कौलांवरून, धावणारी चानी, वाळत घातलेल्या सोलांचा वास घेऊन नाक मुरडणारी चानी मी हजारदा पाहिली असेल. मात्र वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत चानीचे पिल्लू मी एकदाही पाहिले नव्हते. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, आपण ते पाहिलेले नाही हे माझ्या कधी लक्षातही आले नव्हते. मांजराची, कोंबडीची, गायीची पिल्ले डोळ्यांसमोर वाढली. उंदराची गुलाबी पिल्ले आईच्या जुन्या लुगड्यांच्या पेटीत सापडली आणि घरभर आरडाओरडा झाला. चानी तेवढी कायम पूर्ण वाढलेलीच दिसायची, जणू ती माडावर पोयीतून नारळासारखी तयार होऊनच बाहेर पडते.

शेवटी पिल्लू पाहिले ते माझ्याच चुकीमुळे.

गेल्या जानेवारीच्या अखेरीस पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, आला. गोव्यात आता पाडेली मिळणे हे घरी पाहुणा देव येण्यासारखे आहे. तो येईल त्या दिवशी रजा टाकावी लागते आणि तो सांगेल ती मजुरी द्यावी लागते. पूर्वी दर दोन-अडीच महिन्यांनी पाडप व्हायचे, या वेळी पाच महिने उलटून गेले होते. त्यामुळे आलाच आहे तर नारळ पाडण्याबरोबर माडही साफ करून घे, वाळकी चुडते (झावळ्या), जुनी पिडे, सगळे खाली काढ, असे मी त्याला बजावले. चौथ्या माडावर तो चढला तेव्हा मी विहिरीवरचा पंप लावला होता. वरून तो काहीतरी ओरडतो आहे एवढे कळले, शब्द कळले नाहीत; मी खालूनच हाताने ‘काप, काप’ अशी खूण केली. पंप बंद केल्यावर त्याचे वाक्य ऐकू आले: “बाय, चान्येचें घोंटेर आसा हांगा!” तोवर कोयता चालला होता आणि वाळके चुडत घरट्यासकट खाली आले होते.

घरटे म्हणजे पाहणाऱ्याला केवळ कचरा वाटेल असा काथ्याचा गोळा होता, सोललेल्या नारळापेक्षा थोडा मोठा. बाहेरून सोडणाचे राठ धागे, त्याच्या आत केळीच्या सोपटाच्या बारीक चिरफळ्या, आणि अगदी आत सावरीच्या कापसाचा मऊ थर. त्या कापसात निळ्या सुताचे काही धागे गुंतलेले होते. ते ओळखायला मला क्षणही लागला नाही. मागल्या दारातले पायपुसणे कोण उसवते म्हणून मी महिनाभर मांजराला बोल लावत होते.

आत तीन पिल्ले होती. माझ्या करंगळीपेक्षा थोडी लांब, डोकी धडाच्या मानाने बरीच मोठी, डोळे अजून कातडीच्या पडद्याआड घट्ट मिटलेले. अंगावर मखमलीसारखी अगदी आखूड लव होती आणि तिच्याखाली, कातडीवरच, पट्ट्यांच्या रेषा उमटलेल्या दिसत होत्या. रामाने पाठीवरून बोटे फिरवली म्हणून खारीला पट्टे मिळाले ही गोष्ट आपण सगळे ऐकून वाढलो; पण केस पुरते येण्याआधीच त्या रेषा कातडीवर काढून ठेवलेल्या असतात, हे मला त्या दिवशी कळले. शेपटी म्हणजे निव्वळ एक दोरा होता. तिन्ही पिल्ले एकमेकांच्या पोटाखाली शिरायची धडपड करत होती, कारण वारा होता, आणि वारा काय असतो हे त्यांना जन्मात पहिल्यांदाच कळत होते.

शेजारच्या काकू धावत आल्या आणि त्यांनी निर्णय देऊन टाकला की, आता माणसाचा हात लागला, आई काही त्यांना घेणार नाही. हे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे आणि ते खरे नाही. खारीची आई वासावरून पिल्ले टाकून देत नाही. ती परत येते, मात्र तिला यायला मोकळी वाट आणि आपल्याकडून थोडी शांतता मिळावी लागते. दुसरी चूक आमच्या हातून होता होता राहिली. काकूंनी वाटीत गायीचे दूध आणि कापसाचा बोळा आणला होता. ते दूध एवढ्याशा पोटाला पचत नाही, जुलाब होतात आणि त्यातच पिल्लू जाते. पाडेल्याने ते दूध सरळ मांजरापुढे ओतले. मग त्यानेच बांबूच्या टोपलीत ते मोडके घरटे पिल्लांसह बसवले, टोपली त्याच माडाच्या बुंध्याला डोक्याएवढ्या उंचीवर बांधली, मांजराला स्वयंपाकघरात कोंडायला लावले, आणि आम्हा सगळ्यांना मागल्या सोप्यावर पिटाळले. त्याला हे सगळे ठाऊक होते. मी जर पंप चार मिनिटे उशिरा लावला असता, तर त्याने ते चुडत कापलेच नसते.

चाळीस मिनिटे काही झाले नाही. एक कावळा येऊन विहिरीच्या कठड्यावर बसला, त्याला खडे मारून हाकलले. मग माडाच्या वरच्या अंगाला आवाज सुरू झाला आणि चानी डोके खाली करून बुंध्यावरून उतरू लागली. असे उलटे उतरणे मांजराला जमत नाही. खारीला जमते, कारण तिचे मागचे पाय घोट्यातून मागे वळतात आणि नखे वरच्या बाजूला रोवून ती खाली लटकल्यासारखी चालू शकते. हात-दोन हात उतरायची, थिजायची, पुन्हा उतरायची. टोपलीत शिरून ती बाहेर आली तेव्हा तिचे तोंड इतके भरलेले होते की मला वाटले, तिने कापूसच उचलला. पाहिले तर पिल्लू होते. तिने त्याच्या पोटाची कातडी दातांत धरली होती आणि पिल्लाने हातपाय आणि दोऱ्यासारखी शेपटी आईच्या मानेभोवती गुंडाळून घेतली होती, अगदी गळ्यात घातलेल्या वळेसरासारखी. डोळेही न उघडलेल्या जिवाला हे कोणी शिकवले असेल! ती माड चढली नाही. जमिनीवरून धावत मांगराकडे गेली, भिंत चढली आणि नळ्यांच्या खाली एका फटीत शिरली. दुसरे पिल्लू तिने लगेच नेले. तिसऱ्यासाठी यायला इतका वेळ लावला की काकू पुन्हा बोलू लागल्या. पण ती आली. तिसरे नेल्यावर चौथ्या खेपेला टोपलीत शिरून सगळा कापूस हुंगून पाहिला, आणि मगच गेली.

नळ्यांखाली दुसरे घरटे तयार होते, म्हणूनच तिला एवढे सहज जमले. खारींची अशी एकाहून अधिक घरटी असतात. एकाला उपद्रव झाला, त्यात पिसवा वाढल्या, साप हुंगून गेला, की पिल्ले दुसऱ्यात हलवली जातात. त्यामुळे ज्याला पिल्ले पाहायचीच आहेत अशा माणसाने घरटे हेरून ठेवले, तरी दुसऱ्या दिवशी ते रिकामे सापडण्याची शक्यता बरीच असते. त्याने हेरले हाच उपद्रव झाला.

त्या दिवसानंतर मी या विषयामागे लागले. एक साधी गोष्ट मला आधी का सुचली नाही, याचे आश्चर्य वाटले. आपल्याला पिल्ले सहज दिसतात ती बहुतेक दोन प्रकारची. एक, जन्मल्यावर तासाभरात उभी राहणारी: वासरू, करडू, कोंबडीचे पिल्लू. दुसरी, आईने अंगावर वागवलेली: वानराचे काळेभोर पोर आईच्या करड्या पोटाला असे चिकटलेले असते की ते न दिसणेच अशक्य. चानीला यातले काहीच परवडत नाही. तिचे सारे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, चढायला चारही पाय लागतात, आणि पिल्ले एका वेळी दोन-तीन. तेवढा भार पोटाला लटकवून ती एका चुडतावरून दुसऱ्यावर उडी मारू शकणार नाही. म्हणून तिने तिसरा मार्ग धरला आहे, लपवण्याचा.

लपवण्यातही उंदीर आणि खार यांच्यात फरक आहे. दोघेही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्याच मोठ्या कुळातले, दोघांची पिल्ले जन्मतात तीही सारखीच: नागडी, आंधळी, स्वतःची ऊब स्वतः राखता न येणारी. पण घरातल्या साध्या उंदराच्या पिल्लाचे डोळे दोन आठवड्यांत उघडतात आणि तीन आठवड्यांत त्याचे दूध तुटते. आमच्या चानीच्या, म्हणजे तीन पट्ट्यांच्या खारीच्या, पिल्लाला दूध तुटायला दहा आठवडे लागतात. तिचा गर्भकाळ जेमतेम महिनाभराचा, म्हणजे पोटात असते त्याच्या दुपटीहून अधिक काळ पिल्लू आईच्या दुधावर असते. मला याचे जे कारण पटते ते असे की, उंदराचे पिल्लू चुकले तर जमिनीवरच चुकते, चानीचे चुकले तर साठ फुटांवरून चुकते. फांदीचे अंतर डोळ्यांनी मोजायचे, वाऱ्याने हलणाऱ्या चुडतावर नेमके उतरायचे, नखे कधी रोवायची आणि कधी सोडायची, हे अर्धवट जमून चालत नाही. ते पुरते जमेपर्यंत दाराबाहेर पाऊल नाही.

या प्राण्याच्या शास्त्रीय नावातही हीच करामत आहे. पाल्मारम, म्हणजे ताडामाडांची, हे नाव लिनिअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये दिले. नावाचा पहिला भाग म्हणून आज लागणारे फुनॅम्ब्युलस हे मागाहून आले, आणि त्याचा अर्थ दोरीवरून चालणारा, म्हणजे आपला डोंबारी. माडांवरचा डोंबारी! सह्याद्रीच्या अंगाला तिची एक अधिक गडद, तांबूस छटेची बहीण राहते, तिच्याही पाठीवर तीनच पट्टे. उत्तरेकडच्या कोरड्या मुलखात पाच पट्ट्यांची खार आढळते. डोंबाऱ्याचे पोर दोरीवर चढते तेव्हा त्याला खेळ येत असतो. ते शिकताना पडते कुठे, हे खेळ पाहणाऱ्यांना कधी दाखवत नाहीत.

आमच्या आजीच्या काळी या घरात बाळंतिणीची खोली होती. एकच दार, एक लहान खिडकी आणि तीही बहुधा बंद, कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपाची धुरी. सटी होईपर्यंत बाहेरचे कोणी आत जात नसे. पुरुष उंबऱ्याशी उभे राहून चौकशी करत आणि तिथूनच वळत. आम्हा मुलांना नवे भावंड पाहायची घाई असे, पण आजी म्हणायची, “बारसे होऊ दे, मग पोटभर पाहा.” दृष्ट लागेल हे तिने दिलेले कारण, उबेचे आणि आजारांचे खरे कारण तिला ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे. मांगराच्या नळ्यांखाली चानीने मांडलेली खोली मला त्याच जातीची वाटते. फरक इतकाच की, तिथे सेवेला कोणी नाही. नर पिल्लांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. पोटभर खाऊन दूध करायचे काम तिचेच, ऊब द्यायचेही तिचेच, आणि ती खायला गेली की ऊब धरून ठेवायचे काम माझ्या पायपुसण्याच्या निळ्या धाग्यांचे.

बोंडल्याच्या अभयारण्यात मी शेकरू पाहायला अनेकदा गेले आहे. हे अभयारण्य लहानसे, जेमतेम आठ चौरस किलोमीटरचे, आणि आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. शेकरू म्हणजे चानीच्या पंधरा-वीसपट वजनाचा प्राणी, तांबडा-काळा झगा घातल्यासारखा. लपायचे म्हटले तरी लपणे त्याला कठीण. त्याची काड्यापानांची गोल घरटी उंच झाडांच्या शेंड्यांकडे, बारीक फांद्यांवर असतात, जिथे जड शिकारी पोहोचू शकत नाही. एकाच शेकरूची अशी अनेक घरटी रानात विखुरलेली असतात. पानगळीनंतर ती खालून स्पष्ट दिसतात, म्हणून मी दुर्बीण लावून तास तास मान मोडली आहे. शेकरू दिसले, घरटे दिसले, पिल्लू नाही. शेकरूला बहुधा एकच पिल्लू होते; मग तर ते दाखवण्याचा प्रश्नच नाही.

पणजीत मात्र याच्या उलट गंमत आहे. आमच्या कार्यालयाच्या खिडकीबाहेर पारव्यांनी इतका उच्छाद मांडला आहे की साहेबांनी जाळी बसवायचा प्रस्ताव तीनदा वर पाठवला. तरी माझ्या एका सहकारी बाईंनी परवा विचारलेच की, एवढे पारवे, मग त्यांची पिल्ले कुठे असतात? उत्तर चानीचेच. पारव्याचे पिल्लू महिनाभर घरट्यात राहते आणि बाहेर येते तेव्हा आकाराने जवळजवळ आईबापांएवढे झालेले असते. आपण ज्याला पारवा म्हणून हुसकावतो, त्यातला एखादा कालच पहिल्यांदा उडालेला असतो.

म्हणजे आपल्याला पिल्ले दिसत नाहीत असे नाही. ती दिसतात तेव्हा आपण त्यांना पिल्ले म्हणून ओळखत नाही. हरणाच्या पाडसासारखे ठिपके किंवा चिमणीच्या पोरासारखा पिवळा ओठ असली कोणतीही खूण चानीच्या पिल्लाला नसते. पट्टे तेच, रंग तोच. ज्या चानीला आपण कोवळी, नागडी, मुठीत मावणारी म्हणून पाहतो, ती घरट्याबाहेर आहे याचाच अर्थ काहीतरी बिघडले आहे: वादळ झाले, छप्पर बदलले, मांजर पोहोचले, किंवा माझ्यासारखीने पंपाच्या आवाजात हात हलवला. हा विचार सुचल्यापासून समाजमाध्यमांवर कोणी तळहातावरच्या पिल्लाचे छायाचित्र टाकले की मला ते गोंडस वाटेनासे झाले आहे. त्या तळहाताच्या वर कुठेतरी एक आई फांदीवर थिजून बसलेली असणार, आणि माणसे केव्हा जातात याची वाट पाहत असणार.

पाडेल्याचे वेळापत्रक आणि चानीचे वेळापत्रक यांचा मेळही मी बसवून पाहिला. दोन-अडीच महिन्यांनी पाडप, आणि साधारण तेवढ्याच काळाचे बाळंतपण. पाडेली गेल्याच्या दुसऱ्या दिवशी घरटे बांधले तर पुढच्या फेरीला पिल्ले कशीबशी निसटतील; मध्येच बांधले तर कोयत्याखाली सापडतील. आता पाडेली पाच-पाच महिने फिरकत नाहीत, नारळ आपोआप पडतात, आम्ही कुरकुर करतो, आणि माडाच्या शेंड्यात चानीची दोन बाळंतपणे निर्धास्त पार पडतात. आमची अडचण तिच्या पथ्यावर पडली आहे.

मांगराकडे मी दोन महिने गेले नाही. जळाऊ लाकडे तिथेच असल्यामुळे आंघोळीचे पाणी गॅसवर तापवले, त्यावरून घरात बोलणी खाल्ली. मार्चमध्ये एका दुपारी धामण मांगराच्या भिंतीवरून वर सरकताना दिसली. चानीचा आवाज इतका चढला की शेजारचा कुत्रा भुंकू लागला. मी काठी आपटून धामण वळवली, पण ती त्याआधी वर गेली होती की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता. भारद्वाजाची एक जोडीही त्या दिवसांत कुंपणावर वरचेवर दिसायची. तिलाही पोट आहे, हे कळत असूनही मी खडे मारले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमारास, नळ्यांच्या फटीतून एक तोंड बाहेर आले. मग दुसरे. आई भिंतीवर होती. ती पुढे गेली की ही दोघे दोन फूट पुढे यायची आणि काहीच झालेले नसताना पुन्हा फटीत पळायची. आकार आईच्या पाऊणपट. त्यांना ओळखायच्या खुणा दोनच होत्या: शेपटीचे केस अजून विरळ, वापरून झिजलेल्या दात घासायच्या ब्रशासारखे, आणि चालताना मागचे अंग थोडे लटपटणारे. उन्हे मांगराच्या पाख्यावर आली तेव्हा दोन्ही आत गेली. तिसऱ्याची मी त्या दिवशी वाट पाहिली, दुसऱ्या दिवशीही पाहिली. मग वाट पाहणे सोडले.

आठ-दहा दिवसांनी ती दोघे काजूच्या बोंडांवर बसू लागली आणि त्यानंतर मला ती पुन्हा सापडली नाहीत. म्हणजे सापडत असणार. मांगरावर, फणसावर, वृंदावनावर चान्या होत्याच, पण त्यातली जानेवारीत माझ्या अंगणात पडलेली कोणती, हे सांगणे शक्य राहिले नाही. मे महिन्यात फणस पिकला तेव्हा त्यावर पाच जणी एकदम बसलेल्या होत्या, पाचही सारख्याच शेपट्यांच्या.

परवा पाडेल्याचा फोन आला. पावसाआधी एक फेरी मारतो म्हणाला. मी म्हटले, ये, पण चौथ्या माडावर चढू नकोस, तिथे पुन्हा काथ्या जमू लागला आहे. “आनी नाल्ल तकलेर पडलो जाल्यार?” नारळ डोक्यावर पडला तर, असे त्याने विचारले. कपडे वाळत घालायची दोरी मी त्या माडावरून सोडून पाच हात अलीकडे, पेरूच्या झाडाला बांधली आहे. नवी दोरी निळी आहे, आणि तिच्या एका टोकाचे सूत आत्ताच उसवलेले दिसते.